नातीच्या घड्याळाने

सकाळी सहा. मी कणीक भिजवते तेव्हा घरात आवाज फक्त कुकरचा. सुनेला सव्वासातला हिंजवडीची कंपनीची बस गाठायची असते, मुलगा तिच्यामागून तासाभराने निघतो. मग संध्याकाळी सातपर्यंत कोथरूडच्या या घरात मी आणि माझी साडेतीन वर्षांची नात. माझं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं. पण भरलेल्या वर्गात एकाच मुलाकडे निवांत बघायला मिळालं नाही, ते आता मिळतंय.

साडेसात. उठल्यावर ती बराच वेळ बोलत नाही. मांडीवर येऊन नुसती बसते. मीही काही विचारत नाही.

आठ वाजता फ्रॉक. ‘माझी मी’ हे तिचं दिवसातलं सगळ्यात ठाम वाक्य. बटण अर्धं काजात शिरतं, अंगठा निसटतो, बटण परत बाहेर. जिभेचं टोक ओठांवर, श्वास रोखलेला. तिसऱ्यांदा निसटलं की माझा हात आपोआप पुढे येतो आणि मी तो मागे घेते. शाळेत तास संपायची घाई असायची, म्हणून कितीतरी मुलांच्या पाट्यांवर मीच अक्षर काढून दिलं. हात आवरायची विद्या मला ही पोर शिकवते आहे. शेवटचं बटण लागलं की ती माझ्याकडे बघते. शाबासकीसाठी नव्हे, मी पाहिलं ना, एवढीच खात्री करायला.

साडेआठ. बालवाडी नऊची. मोठ्या माणसाच्या पावलांनी वाट पाच मिनिटांची, आम्ही अर्धा तास हातात ठेवून निघतो. काल कुंपणाशी मुंग्यांनी एक मेलेला नाकतोडा धरला होता. काही पुढून ओढत होत्या, काही मागून, आणि नाकतोडा मधेच अडकला होता. ‘त्यांचं ठरलं नाहीये अजून,’ नात म्हणाली. तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. थोड्या वेळाने सगळ्यांचा जोर एकीकडे लागला आणि नाकतोडा हलला, तोवर आम्ही दोघी उकिडव्या बसून होतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली; गुरं राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात भरवली. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, त्याला गुणही मिळाले होते. मूल असेल तिथे आपण जायचं म्हणजे काय, ते मात्र या कुंपणाशी बसल्यावर उमगलं.

बारा वाजता तिला घेऊन येते. वरणभात, तूप, लिंबू. मग झोप. ती झोपली की मी वर्तमानपत्र उघडते आणि बहुतेक वेळा तिच्या शेजारीच डुलकी काढते.

चार वाजता मटार सोलायला बसलो की गोष्ट लागते. काल चिऊ-काऊची होती. वर्गात ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल! शेणाचं घर वाहून जातं, काऊ चिऊचं दार वाजवतो, ती आतून थांब म्हणते, आणि मुलं तालावर हसतात. नात हसली नाही. हातातली शेंग तशीच धरून तिने विचारलं, ‘काऊ भिजतोय, तर चिऊ दार का उघडत नाही?’ मी म्हटलं, ‘तिचं बाळ लहान आहे ना, त्याचं सगळं करत होती.’ ‘मग आधी दार उघडायचं. बाळाचं नंतर करायचं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने सांगितलं तशी गोष्ट बदलली. चिऊने लगेच दार उघडलं, काऊचं अंग पुसलं, त्याला गरम दूध दिलं. आता आमच्या घरात गोष्ट हीच. खरं सांगते, मला ती जुनीपेक्षा जास्त पटते.

साडेपाच. बागेत घसरगुंडी, वाळू, पळापळ. बाकावर आमच्यासारखेच आजी-आजोबा असतात. काहींची नातवंडं फोन घेऊन शेजारी गप्प बसलेली असतात. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून जास्त पडदा नको, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची किमान तीन तास हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं. थकव्यामुळे फोन दिला जातो, हे मला कळतं. माझेही गुडघे दुखतात. पण वाळूत नुसतं शेजारी बसलं तरी मुलांना पुरतं. खेळ ती स्वतः चालवतात.

सात. सून येते आणि नात तिच्याकडे धावते. गोळी मागितली तर आई नाही म्हणते, आणि नात माझ्याकडे बघते. मी म्हणते, ‘आईने सांगितलं ना!’ दिवसभर सांभाळलेलं मूल या क्षणी तिच्या हाती सोपवायचं असतं.

बागेत मला हल्ली विचारतात, ‘तुम्ही बाई होतात ना? हिला कुठल्या क्लासला घालणार?’ शिक्षिका म्हणून माझं उत्तर ठरलेलं आहे. साडेतीन वर्षांच्या मुलाला संध्याकाळच्या कुठल्याही क्लासला घालू नका. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांना झेपत असेल, तर ते दोन तास त्यांना द्या, आणि रविवारी त्यांना सुट्टी द्या.