पशुसेवेचे ऑनलाइन प्रशिक्षण : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. या जिल्ह्यात एकीकडे १९६९ साली कार्यान्वित झालेले तारापूरचे अणुविद्युत केंद्र आणि बोईसरलगतची औद्योगिक वसाहत आहे. दुसरीकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत गाय, बैल, शेळी व गावठी कोंबडी हाच अनेक आदिवासी कुटुंबांचा अडीनडीचा आधार आहे. कारखान्यातील नोकरीस पर्याय म्हणून पशुसेवेकडे वळू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यास आज मोबाइलवर अनेक ऑनलाइन अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. मात्र ज्या कामात हाताचे कौशल्य हेच मुख्य भांडवल, ते काम पडद्यावरून कितपत शिकता येते, याचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची चर्चा केली आहे.

डोळ्याचे ज्ञान व हाताचे ज्ञान

पशुसेवेतील कौशल्ये ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार निरीक्षणाचा. निरोगी गाय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा श्वास घेते. तिच्या कुशीची हालचाल चित्रफितीत पाहूनही हे मोजता येते. रोगांची लक्षणे, लसीकरणाचे वेळापत्रक, चाऱ्याचे प्रमाण, गोठ्याची स्वच्छता व नोंदवह्या हे विषयही ऑनलाइन पद्धतीने उत्तम शिकविता येतात. चित्रफीत थांबवून पुन्हा पाहण्याची सोय वर्गातील व्याख्यानातही नसते.

दुसरा प्रकार स्पर्शाचा. गायीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली असता कोठीपोटाचे आकुंचन मिनिटाला एक-दोनदा जाणवते. ते हातालाच कळते. तापमापी गुदद्वाराच्या आतील भिंतीस न टेकता शेणात रुतली, तर ताप प्रत्यक्षाहून कमी दिसतो. कृत्रिम रेतनात उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नत्रातील वीर्यकांडी सुमारे ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरावी, हा नियम पाठ करता येतो. परंतु एका हाताने गुदाशयातून गर्भाशयमुख चाचपून दुसऱ्या हाताने नळी त्यातून पुढे नेणे हे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली वारंवार केल्यावाचून साधत नाही. येथील चूक निर्जीव यंत्रावर होत नसते. तिची वेदना जनावराला आणि तिचा आर्थिक भार पशुपालकाला सोसावा लागतो. गाभण राहण्याची एक संधी हुकली, की पुढील माजापर्यंत सुमारे २१ दिवस थांबावे लागते.

कायद्याची मर्यादा

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकालाच करता येतो. या कायद्याच्या कलम ३० अन्वये पशुसंवर्धन संचालनालयाने किंवा पशुवैद्यकीय संस्थेने दिलेली पदविका वा प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीस राज्य शासन किरकोळ पशुवैद्यकीय सेवांची अनुमती देऊ शकते. मात्र तीही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व निर्देशानुसार. यावरून असे दिसते की, केवळ ऑनलाइन प्रमाणपत्र मिळाले म्हणून जनावरावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. शुल्क भरून प्रमाणपत्र घेतलेल्या विद्यार्थ्यास हे उशिरा कळले, तर पैसा व उमेदीची वर्षे दोन्ही वाया जातात.

मिश्र पद्धतीचा मार्ग

यावर व्यवहार्य मार्ग मिश्र पद्धतीचा आहे. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधील 'मैत्री' तंत्रज्ञांचे प्रशिक्षण तीन महिन्यांचे असून त्यात एक महिना वर्गात व दोन महिने प्रत्यक्ष कामात जातात. हे प्रमाण बोलके आहे. वर्गातील भागापैकी बराचसा भाग ऑनलाइन होऊ शकतो. प्रत्यक्षाच्या भागात मात्र काटछाट करता येणार नाही.

आपल्या परिसरात त्यास अनुकूल आधार आहेत. डहाणू तालुक्यात कोसबाड येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. डहाणू येथेच वनविभागाच्या सहकार्याने जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे केंद्र आहे. १८८६ साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय परळला आहे. उपनगरी गाड्या २०१३ पासून डहाणू रोडपर्यंत धावू लागल्याने तेथे अधूनमधून जाणे शक्य असले, तरी रोजचे जाणे-येणे खर्चिक व दमवणारे ठरते. म्हणूनच सिद्धांत घरी व प्रात्यक्षिक ठरावीक दिवशी केंद्रावर, ही विभागणी येथील विद्यार्थ्यास सोयीची आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांना पुढील बाबी करता येतील :

१) अभ्यासक्रम सुचविण्यापूर्वी प्रमाणपत्र कोण देते व त्याने कोणते काम करता येते, याची छाननी करणे.
२) स्थानिक पशुवैद्यकीय दवाखाने व कृषी विज्ञान केंद्राशी प्रात्यक्षिकांसाठी लेखी करार करणे.
३) प्रत्येक कौशल्य विद्यार्थ्याने किती वेळा व कोणाच्या देखरेखीखाली केले, याची नोंदवही ठेवणे.
४) प्रत्यक्ष कामापूर्वी वैद्यकीय सल्ल्याने रेबीज व धनुर्वात प्रतिबंधक लसी देण्याची व्यवस्था करणे.
५) नेटवर्क न मिळणाऱ्या पाड्यांवरील विद्यार्थ्यांसाठी पाठ महाविद्यालयात उतरवून देणे.

निष्कर्ष

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाड परिसरात गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने कुरणात जावे, हा त्यामागील विचार होता. ऑनलाइन शिक्षणही विद्यार्थ्याच्या दारापर्यंत जाते, हा त्याचा निःसंशय गुण आहे. परंतु कुरणशाळेत शिक्षक व मुले एकाच कुरणात असत. पडद्यावरच्या वर्गात शिक्षक आणि जनावर दोन्ही दूर असतात. हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी स्थानिक महाविद्यालयांनी स्वीकारली, तरच अशा प्रशिक्षणातून विद्यार्थ्यास रोजगार आणि मुक्या जनावरास जाणता हात मिळू शकेल.