बर्फात कोंडलेली हवा

ताईनं गुलमर्गला पहिल्यांदा स्नोमोबाईल चालवली, ती गोष्ट मी पुन्हा सांगणार आहे. तिनं वेग सांगितला, वारा सांगितला. पण गाडीखाली काय होतं ते राहूनच गेलं, आणि खरी नवलाई तिथंच आहे.

गुलमर्ग पीर पंजाल रांगेत, सुमारे २,६५० मीटरवर. आपल्या कळसूबाईच्याही वर आणखी हजार मीटर. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूनं झंझावात येतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडतात आणि हिमालयाला अडून वर चढतात. चढता चढता हवा गारठते आणि तिच्यातल्या बाष्पाचे थेट स्फटिक होतात. प्रत्येक स्फटिक षटकोनी! सहाच बाजू का, या एका प्रश्नावर योहानेस केप्लरनं १६११ साली छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याला उत्तर सापडलं नाही. गोठताना पाण्याचे रेणू षटकोनात जोडले जातात, हे कळायला आणखी तीनशे वर्षं गेली. केप्लरनं ग्रहांच्या वाटा शोधल्या, तरी कोटावर पडलेला हिमकण त्याला तितकाच मोलाचा वाटला. मला तो माणूस आवडतो तो यासाठी.

तर, असे सहा फांद्यांचे स्फटिक एकावर एक पडले की घट्ट बसत नाहीत. मध्ये हवा कोंडते. ताज्या भुसभुशीत बर्फात दहातले नऊ भाग हवाच असते. म्हणून तर ताई वाटेवरून जरा बाजूला उतरली आणि मांडीपर्यंत आत गेली. आणि त्याच वेळी अडीचशे किलोची गाडी शेजारून वरच्या वर निघून गेली!

कसं ते बघा. चालताना आपला सगळा भार एका पावलावर येतो. स्नोमोबाईलचा भार मात्र पुढच्या दोन स्कींवर आणि मागच्या रुंद रबरी पट्ट्यावर पसरतो. माणसांसकट वजन धरलं, तरी प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तिचा दाब आपल्या पावलापेक्षा कितीतरी कमी पडतो.

या पट्ट्यामागं एका बापाचं दुःख आहे. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात व्हॅलकूर नावाचं गाव आहे. तिथं जोसेफ-आर्मां बोंबार्डिये नावाचा मेकॅनिक राहायचा. बर्फावर चालेल अशा गाडीचं वेड त्याला पोरवयापासून होतं. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या आजारानं अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फानं बंद, इस्पितळ दूर, आणि बापाची गाडी अजून तयार नव्हती. मूल गेलं. बोंबार्डिये कामाला जुंपून राहिला. दातेरी चाकानं फिरणाऱ्या पट्ट्याचं पेटंट त्याला १९३७ साली मिळालं, आणि त्याच्या गाड्यांतून डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं बर्फातून जाऊ लागली. ताई बसली तसली लहान गाडी त्यानं १९५९ साली बाजारात आणली.

ताईच्या मागं फेरन, म्हणजे सैल काश्मिरी झगा, घातलेला चालक बसला होता. उजव्या अंगठ्यानं थ्रॉटल, डाव्या हातात ब्रेक. एवढं तिला लगेच जमलं. पण गाडी सरळ जाईना. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत स्की शिरायच्या, हँडल हिसके द्यायचं, आणि ही ते आवळून धरायची. चालकानं सांगितलं, हात सैल सोडा, वळायचं त्या बाजूला अंग झुकवा. तिनं अंग झुकवलं आणि गाडी वळली.

सगळे चालक त्याच त्या वाटेनं का जातात, असं तिनं विचारलं. ते बरंच आहे. कोंडलेली हवा उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. आपल्या गोधडीचंही तेच. हात-दीड हात बर्फ साचला की वर उणे पंधरा असलं तरी खाली जमिनीशी तापमान शून्याच्या आसपास राहतं. थंड प्रदेशांत अशा बर्फाखाली उंदरांच्या जातीचे छोटे जीव बोगदे करून अख्खा हिवाळा काढतात. वरून पट्टा फिरला की बर्फ दबतो, हवा निघून जाते, बोगदे मोडतात आणि थंडी खाली उतरते. एक वाट दाबली गेली तर बाकीचं रान वाचतं.

आता शेवटचा प्रश्न. समोर अफरवट शिखराचा पांढराशुभ्र उतार असताना गाडी तिकडे का नेली नाही? त्याचंही कारण ती हवाच. बर्फाचा तळ उबदार, माथा गार. तळातली वाफ कणांमधल्या पोकळ्यांतून वर सरकते, आणि खालचे कण हळूहळू मोठे, खरखरीत, सुटे होतात. एकमेकांना धरून ठेवणं त्यांना जमत नाही. वर घट्ट थर, खाली हे सुटे कण. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, तर एका गाडीचा भारही थर तुटायला पुरतो आणि अख्खा उतार खाली येतो. तुटण्याआधी कधी कधी पायाखाली 'धप्प' असा आवाज होतो: पोकळ थर खचून हवा बाहेर पडल्याचा. तो ऐकू आला की तीव्र उताराकडे एक पाऊलही टाकायचं नाही, आणि उताराच्या पायथ्याशीही थांबायचं नाही, कारण वरचं सगळं तिथंच येऊन पडतं.