तीस अँपिअरचा संसार

अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत कित्येक कुटुंबे घरच बरोबर घेऊन प्रवासाला निघतात. हे घर म्हणजे बसएवढी मोठी मोटार, नाहीतर मोटारीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. आत पलंग, ओटा, न्हाणीघर, फ्रिज, वातानुकूलन यंत्र असे सारे काही असते. मुक्कामाच्या तळावर प्रत्येक गाडीच्या जागेशेजारी कमरेएवढ्या उंचीचा एक खांब असतो. त्यावरच्या पेटीत सॉकेट आणि ब्रेकर असतात. गाडीची जाड केबल तेथे जोडली की घरात वीज येते.

आता संध्याकाळचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बाहेर उकाडा असल्यामुळे एसी चालू आहे. अंघोळीसाठी पाणी तापत आहे. तेवढ्यात कोणीतरी जेवण गरम करायला मायक्रोवेव्ह लावतो आणि थोड्या वेळात एसीचा आवाज एकदम थांबतो. मायक्रोवेव्हमधले ताट फिरायचे थांबते. दिवे मात्र जळतच राहतात, कारण या गाड्यांतले दिवे सहसा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. म्हणून काय झाले ते क्षणभर कोणाच्या लक्षातच येत नाही. खांबावरचा ब्रेकर पडलेला असतो.

का पडला? गणित सोपे आहे. अनेक गाड्यांची जोडणी ३० अँपिअरची असते आणि तिकडचा घरगुती पुरवठा १२० व्होल्टचा. ३० गुणिले १२० म्हणजे ३६०० वॅट. चालता एसी सुमारे १५०० वॅट घेतो, म्हणजे साडेबारा अँपिअर. पाणी तापवणारा हीटर १४४० वॅटचा, म्हणजे १२ अँपिअर. मायक्रोवेव्हवर १००० वॅट लिहिलेले असले तरी ती अन्नाला मिळणारी शक्ती असते. खांबाकडून तो सुमारे १५०० वॅट ओढतो. बेरीज झाली ३७ अँपिअर. शिवाय बॅटरी भरणारे यंत्र गुपचूप काही अँपिअर घेत असते, ते वेगळेच.

येथे विद्यार्थ्यांचा नेहमीचा गोंधळ दूर करण्याची चांगली संधी आहे. वीज कमी पडली असे आपण म्हणतो, पण नेमके काय कमी पडले? ३६०० वॅट दिवसभर, म्हणजे २४ तास घेतले तर ८६.४ युनिट होतात. आपल्याकडे महिन्याला १०० युनिटांच्या आत भागवणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. आरव्हीत एसी १० तास चालला, हीटर २ तास आणि मायक्रोवेव्ह अर्धा तास चालला, तरी खर्च २० युनिटांच्या आतच राहतो. म्हणजे ऊर्जा भरपूर आहे. मर्यादा आहे ती शक्तीवर, एका क्षणी किती घेता यावर. अरुंद पुलावरून दिवसभरात गावातल्या साऱ्या गाड्या जाऊ शकतात, पण एका वेळी नाही, तसेच हे. म्हणून उपायही वापर कमी करण्याचा नसून वेळा बदलण्याचा आहे. पाणी आधी तापवून हीटर बंद करावा. मायक्रोवेव्ह चालेल तेवढी दोन-चार मिनिटे एसी थांबवावा. अनेक गाड्यांतले फ्रिज व हीटर विजेऐवजी गॅसवरही चालतात. ते गॅसवर टाकले की बराच भार हलका होतो.

ब्रेकर लगेच का पडत नाही, हेही पाहण्यासारखे आहे. त्याच्या आत दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. प्रवाहाने ती तापते, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका सुटतो. ३७ अँपिअरला पट्टी पुरेशी तापायला वेळ लागतो, म्हणून जेवण गरम होऊनही जाईल. एसी सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेतो, तोही याच कारणाने खपतो. मात्र खांब दुपारभर उन्हात तापला असेल तर पट्टी आधीच गरम असते आणि ब्रेकर लवकर पडतो. लोकांना वाटते, ब्रेकर बिघडला. मग मोठा ब्रेकर बसवण्याचा विचार येतो. आपल्याकडे फ्यूजमध्ये जाड तार घालणारे लोक असतात, त्याच जातीचा हा विचार आहे. तार तीच राहते आणि तिला वाचवणारा मात्र जातो.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपला २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो. १२० व्होल्टला तेवढ्याच शक्तीसाठी १६.७ अँपिअर लागतात. प्रवाह जवळजवळ दुप्पट, म्हणजे त्याच तारेत उष्णता जवळजवळ चौपट. समजा, वापरून ढिल्या झालेल्या सॉकेटमध्ये एका पिनेपाशी अवघा ०.०५ ओहम रोध आहे. २५ अँपिअरला तेथे ३१ वॅट उष्णता निघेल. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची इस्त्री साधारण २५ वॅटची असते. तेवढी उष्णता प्लास्टिकच्या प्लगमध्ये कोंडली तर तो काळा पडून वितळतो, आणि ब्रेकरला याचा पत्ताही लागत नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो. मुक्कामी पोचल्यावर तासाभराने प्लगला बाहेरून हात लावून पाहणारे लोक म्हणूनच शहाणे समजावेत. चटका बसेल इतका गरम लागला तर भार कमी करून ब्रेकर बंद करावा आणि सॉकेट बदलून घ्यावे.

लांब केबलचेही तेच. अमेरिकन मापात १६ गेजची ५० फूट केबल घेतली तर जाता-येता १०० फूट तांब्याचा रोध ०.४ ओहम होतो. १३ अँपिअरला ५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि ६८ वॅट उष्णता केबलभर पसरते. १० गेजची केबल चौपट जाड छेदाची. तिच्यात १७ वॅटच निघतात. (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. सुरुवातीला हे उलटे वाटतेच.)

व्होल्टेज घटल्यावर सगळी उपकरणे सारखी वागत नाहीत. १४४० वॅटचा हीटर १०५ व्होल्टला १०.५ अँपिअर घेतो आणि ११०० वॅटच देतो. पाणी उशिरा तापते इतकेच. एसीच्या कंप्रेसरची मोटार मात्र तेवढाच भार ओढायचा म्हणून जास्त प्रवाह घेऊ लागते, तापते आणि असे रोज झाले तर जळते. यासाठी सुमारे १०४ व्होल्टच्या खाली पुरवठा तोडणारी साधने तेथे मिळतात.

पण व्होल्टेज घटते कशाने? साऱ्या तळाची वायरिंग प्रत्येकाने पूर्ण शक्ती घ्यावी अशा हिशोबाने केलेलीच नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेतील कोष्टकात ३६ किंवा अधिक जागांच्या तळासाठी बेरजेच्या ४१ टक्केच मागणी धरली आहे. सगळे एकाच वेळी सगळे लावणार नाहीत, हा अंदाज. उन्हाळ्यातल्या दुपारी प्रत्येक गाडीचा एसी चालू झाला की तो अंदाज कोसळतो. शेजाऱ्याची दुपार आपल्या कंप्रेसरला भोवते.

मोठ्या गाड्यांसाठी ५० अँपिअरची जोडणी असते. ती ३० च्या पावणेदोनपट असेल असे वाटते ना? तीत १२० व्होल्टच्या दोन वाहिन्या येतात, प्रत्येकीवर ५० अँपिअर. म्हणजे १२,००० वॅट, तिपटीहून जास्त! उलट ३० अँपिअरच्या सॉकेटला एकच वाहिनी हवी. त्याचे दणकट रूप पाहून एखादा अननुभवी वायरमन घरी ते २४० व्होल्टला जोडतो, आणि गाडीतली उपकरणे क्षणात निकामी होतात. प्लग लावण्यापूर्वी व्होल्टमीटर लावणे हाच त्यावर इलाज. एका प्रकारच्या सॉकेटमधून दुसऱ्यात जाणारा जोडप्लगही मिळतो. तो पिनांचा आकार बदलतो, अँपिअर वाढवत नाही. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटला गाडी जोडली तर १८०० वॅटच मिळतील. एसी लागला की बाकी जवळजवळ काही नाही.

अलीकडे मर्यादा ओलांडताच हीटर आपोआप थांबवणारी यंत्रे निघाली आहेत. काही गाड्यांत कमी पडणारी शक्ती बॅटरी इन्व्हर्टरमार्फत भरून देते आणि रात्री भार उतरला की पुन्हा भरून घेते.

वर्गात हा हिशोब घरच्या उपकरणांवरचे वॅट उतरवून करता येईल. विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. संध्याकाळी सातला घरात एकाच वेळी काय काय चालू असते त्याची बेरीज करून मुलांनी ती त्या आकड्याशेजारी मांडावी.