'वाचेल का?' : हृद्रोग्याच्या फुप्फुस-कर्करोगावरील शस्त्रक्रियेविषयी

भिवंडी तालुक्यातील वडपे हे गाव मुंबई-नाशिक महामार्गावर, गोदामांच्या आणि अवजड वाहनांच्या गर्दीत वसलेले आहे. येथील एखाद्या साठीच्या गृहस्थास जिना चढताना त्रास होऊ लागला, तर तो डॉक्टरांस बहुधा 'दम लागतो' एवढेच सांगेल. दम हृदयामुळे लागतो की फुप्फुसामुळे, हे त्या शब्दांतून कळत नाही. 'छातीत दुखते', 'छाती भरून येते' हे प्रयोगही तितकेच संदिग्ध आहेत. भाषेने न केलेला हा भेद वैद्यकाला करावा लागतो. मात्र ज्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत आणि फुप्फुसातही कर्करोगाची गाठ आहे, त्याच्याविषयी विचार करताना लोकभाषेने अभेद राखला तो अगदीच अज्ञानमूलक नव्हता, असे म्हणावे लागते.

असे रुग्ण विरळा नाहीत. विडी-सिगारेटचा धूर दोन्ही रोगांना कारण होतो, आणि वाढते वय दोहोंना अनुकूल असते. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. खोकला, रक्त पडणे, वजन घटणे ही लक्षणे क्षयाचीही असल्यामुळे काही रुग्णांचे महिने क्षयाच्या औषधांत जातात, आणि गाठ काढण्याजोगी असण्याचा काळ निघून जातो. परळला कर्करोगासाठी १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय आहे, आणि त्याच्या शेजारीच १९२६ पासूनचे के. ई. एम. रुग्णालय आहे, जेथे १९६८ साली डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपणाचा प्रयत्न केला. दोन विद्या अशा शेजारी नांदतात. रुग्णाचा देह मात्र एकच असतो.

१९३३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथे एव्हर्ट्‌स ग्रॅहॅम यांनी कर्करोगासाठी एका रुग्णाचे एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढले. तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता व पुढे सुमारे तीस वर्षे जगला. ग्रॅहॅम मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने वारले. संपूर्ण फुप्फुस काढले की हृदयाच्या उजव्या बाजूने ढकललेले सारे रक्त उरलेल्या एकाच फुप्फुसातून जाते. निरोगी हृदय हा भार सोसते, दुर्बल हृदयाला तो जड जातो. म्हणूनच शक्य तेथे केवळ रोगग्रस्त खंड काढण्याची पद्धत रूढ झाली. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड व डाव्याचे दोन. हिशेबासाठी दोहोंचे मिळून १९ उपखंड धरतात. उजवा वरचा खंड तीन उपखंडांचा. तो काढला तर एका सेकंदात दोन लिटर हवा बाहेर टाकणाऱ्या रुग्णाकडे अदमासे १.७ लिटर क्षमता उरते.

नातेवाईक विचारतात, 'वाचेल का?' या एका क्रियापदात तीन प्रश्न दडलेले आहेत, आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पहिला प्रश्न शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडण्याचा. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेसाठी २०१० साली सुधारून घेतलेल्या जोखीम-निर्देशांकात चारच गोष्टींना गुण आहेत : हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा विकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका, मूत्रपिंडांची मंदता आणि संपूर्ण फुप्फुस काढणे. यंत्रे नसतील तेथे जिनाही उपयोगी पडतो; न थांबता सुमारे २२ मीटर उंची चढणाऱ्यास धोका कमी मानतात. शस्त्रक्रियेनंतर अलिंदांची अनियमित थरथर वारंवार आढळते. ती बहुधा औषधांनी आवरते. आधी हृदय दुरुस्त करून मग फुप्फुसाकडे वळावे, हा विचार स्वाभाविक वाटतो, परंतु तो सरसकट खरा नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, रक्तवाहिन्यांच्या मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी स्थिर हृद्रोग्यांची बायपास किंवा अँजिओप्लास्टी केल्याने पुढील मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय औषधलेपित स्टेंट बसवला की रक्त पातळ ठेवण्याची दोन औषधे काही महिने सोडता येत नाहीत, आणि गाठ तेवढी थांबत नाही. अस्थिर हृद्रोगाची गोष्ट अर्थात निराळी. तेथे हृदयाचाच मान पहिला.

दुसरा प्रश्न कर्करोग परतण्याचा, आणि तिसरा पाच वर्षांनी रुग्ण हयात असण्याचा. हे दोन प्रश्न एकच समजण्याची चूक सुशिक्षितही करतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीने त्यांची फारकत स्पष्ट दाखविली. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीसाठी ११०६ रुग्णांपैकी काहींचा संपूर्ण खंड व काहींचा केवळ उपखंड काढण्यात आला. उपखंडाच्या गटात त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण अधिक होते : १०.५ टक्के, तर खंडाच्या गटात ५.४ टक्के. तरीही पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण उपखंडाच्या गटात ९४.३ टक्के व दुसऱ्यात ९१.१ टक्के निघाले. कारण त्या गटात अन्य आजारांनी मरण पावलेले कमी होते. ही चाचणी हृद्रोग्यांपुरती नव्हती व त्यातील रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य ठरलेलेच होते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. पण ज्याला मृत्यू दोन दारांनी येऊ शकतो, त्याच्यासाठी राखलेल्या श्वासाचे मोल अधिक असावे, हे अनुमान फारसे धाडसाचे नाही.

शस्त्रक्रिया न सोसणाऱ्यांसाठी अचूक नेम धरून थोड्याच बैठकांत दिलेला तीव्र किरणोपचार असतो. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात अशा रुग्णांची मूळ गाठ तीन वर्षांपर्यंत ९७.६ टक्के आटोक्यात राहिली, मात्र तेवढ्या काळानंतर हयात होते ५५.८ टक्के. गाठ आवरली तरी मूळचे हृदयाचे व श्वसनाचे विकार राहिलेच होते. वडप्याच्या त्या गृहस्थाच्या मुलाने 'वाचेल का?' असे विचारले, तर डॉक्टरांनी आधी त्याला विचारावे : कशातून, आणि किती वर्षे?