फंक्शनची एकदाच अंमलबजावणी
अनेक थ्रेड एकाच वेळी चालू असताना एखादे फंक्शन नेमके एकदाच चालावे, ही संगणकशास्त्रातील एक नेहमीची गरज आहे. 'चालले का?' हे तपासणे आणि 'चालले' अशी खूण करणे, या दोन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा थ्रेड शिरू शकतो. त्यामुळे साधा बूलियन चल येथे अपुरा पडतो.

शुद्ध फंक्शन दोनदा चालले तरी उत्तर तेच येते. वाया जातो तो केवळ वेळ. म्हणूनच हास्केलच्या जीएचसी कंपायलरमध्ये लांबणीवर टाकलेली एकच आकडेमोड क्वचित दोन थ्रेडांकडून होऊ शकते. पैसे वळते करणे, फाइलीत नोंद करणे अशा बाह्य परिणामांबाबत मात्र ही सवलत घातक ठरते. तेथे एमव्हार वापरतात. हा एकाच मूल्याचा खण असतो. पहिला थ्रेड तो रिकामा करून काम उरकतो व उत्तर परत ठेवतो. तोवर इतर थ्रेड थांबतात आणि नंतर तयार उत्तर वाचतात. काम मध्येच फसल्यास खण रिकामाच राहू नये, याची तजवीज करावी लागते.

क्लोजरमधील डिले पहिल्या मागणीस चालतो व उत्तर साठवून ठेवतो. त्याच भाषेतील स्वॅप मात्र थ्रेडांची स्पर्धा झाल्यास दिलेले फंक्शन पुन्हा चालवते. नवशिक्यांची फसगत होते ती येथे. ओकॅमल ५ मध्ये (२०२२) एकच लेझी मूल्य दोन डोमेनांनी एकाच वेळी मागितल्यास अपवाद उद्भवू शकतो. त्यामुळे लॉक प्रोग्रॅमरलाच लावावे लागते.