कोविडोत्तर तक्रारी : आजार ओसरल्यानंतरचा आजार

कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. कागदोपत्री विषय तेथे मिटला. तथापि आमच्या बाह्यरुग्ण विभागात आजही असे रुग्ण येतात, की ज्यांच्यापुरता तो मिटलेला नाही. त्यांच्या तक्रारींचे स्वरूप देणगीदारांना, विश्वस्तांना आणि विशेषतः रुग्णांच्या घरच्या मंडळींना समजावे, या हेतूने वैद्यकीय सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून हे टिपण सादर करीत आहोत.

संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे, अशी या अवस्थेची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली. थकवा, धाप लागणे आणि विचारांत व स्मरणात येणारा मंदपणा ही त्यांतील प्रमुख लक्षणे. ‘लाँग कोविड’ हे प्रचलित नाव मात्र वैद्यकशास्त्राने दिलेले नाही. एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ महिलेने मे २०२० मध्ये स्वतःच्या दुखण्याविषयी लिहिताना ते वापरले. डॉक्टरांच्या आधी रुग्णांनीच नाव दिले, असे आजार विरळाच.

संसर्ग झालेल्या दर १०० जणांमागे सुमारे ६ जणांना असा त्रास होतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. अतिदक्षता विभागात राहिलेल्यांना हा धोका अधिक असतो हे खरे. परंतु घरीच चार दिवस तापाने झोपून बरे झालेलेही यातून सुटलेले नाहीत. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक आढळते. लसीकरणाने धोका कमी होतो, पुन्हापुन्हा होणाऱ्या संसर्गाने तो वाढतो. शरीरात उरलेले विषाणूचे अंश, बिघडलेली प्रतिकारयंत्रणा, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दोष, नाडी व रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा असमतोल अशा अनेक कारणांचा अभ्यास चालू आहे. निश्चित निदान करणारी एकच एक चाचणी नाही.

येथेच रुग्णाची खरी अडचण सुरू होते. रक्ताचे अहवाल व्यवस्थित, छातीचा एक्स-रे स्वच्छ आणि माणूस मात्र जिना चढताना मध्येच बसतो. घरी ‘मनाचे खेळ’ म्हणतात, कामावर ‘आळस’ म्हणतात. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले होते, हे आपल्यापैकी अनेकांना स्मरत असेल. ताप उतरला तरी आजार मागे रेंगाळू शकतो, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तेव्हा लंगडणारा माणूस सर्वांना दिसत होता; थकवा कोणाला दिसत नाही, एवढेच.

उलटपक्षी प्रत्येक थकवा कोविडच्या माथी मारणेही धोक्याचे आहे. रेंगाळणारा खोकला क्षयरोगाचा असू शकतो. धाप हृदयविकाराची वा पंडुरोगाची, मरगळ थायरॉईडची किंवा मधुमेहाची असू शकते. म्हणून प्रथम या शक्यता तपासल्या जातात. त्यानंतरच्या तपासण्या बहुधा साध्या असतात. रुग्णाला सहा मिनिटे चालवून बोटावरील ऑक्सिमीटरचे आकडे पाहणे, आडवे असताना आणि उभे राहिल्यावर दहा मिनिटांपर्यंत नाडी मोजणे. प्रौढ व्यक्तीची नाडी उभे राहिल्याने मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, तर डॉक्टरांना पुढील दिशा मिळते. या तपासण्यांना महागडे यंत्र लागत नाही. वेळ मात्र लागतो.

उपचारांत सर्वांत कठीण पथ्य विश्रांतीचे. काही रुग्णांना श्रम केल्यावर लगेच नव्हे, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखे होते. ‘थोडा व्यायाम कर, बरे वाटेल’ हा सल्ला अशांना अपाय करतो. आम्ही हिशेबाची माणसे असल्याने नातेवाइकांना हिशेबाच्याच भाषेत सांगतो : शिल्लक पाहून खर्च करावा, उचल घेतल्यास व्याज भरावे लागते. कामांचे तुकडे पाडणे आणि थकण्यापूर्वीच थांबणे हे घरच्यांच्या सहकार्याविना जमत नाही. धाप लागणाऱ्यांना भौतिकोपचार तज्ज्ञ श्वसनाचे व्यायाम शिकवितात. बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो, काहींना वर्षे लागतात.

आता प्रशासनाच्या बाजूने एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवल्या जातात. आरोग्यविमाही बहुतांशी रुग्ण दाखल झाल्यावरच खर्च देतो. सारी व्यवस्था खाटेभोवती उभी आहे आणि या रुग्णाला खाट लागत नाही. त्याला हवा असतो डॉक्टरांचा अर्धा तास, भौतिकोपचाराच्या अनेक फेऱ्या आणि येण्याजाण्याचे बसभाडे. देणगीतून आलेल्या यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, अर्ध्या तासावर येत नाही. तरीही आपल्या देणगीचा काही भाग बाह्यरुग्ण सेवेसाठी राखून ठेवावा, अशी दात्यांना आमची नम्र विनंती आहे.

अशा रुग्णासोबत येताना जुने डिस्चार्ज कार्ड, चालू औषधे आणि गेल्या दोन आठवड्यांत कोणत्या कामाने किती थकवा आला याची साधी नोंदवही आणावी. साथीच्या काळात अनेकांनी चाचणी करून घेतली नव्हती, त्यांच्यापाशी कोविडचा कागद नसतो. त्यावाचून कोणाचाही केसपेपर अडत नाही.