पांढरीच्या शोधात

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीला खेटून वाहणारी खाम नदी पुढे गोदावरीला मिळते. वैशाखातल्या एका पहाटे आम्ही तिघे त्याच दिशेने निघालो. पैठण पन्नासेक किलोमीटर, तिथून नदीकाठाने पूर्वेला आपेगाव. ज्ञानेश्वरांचे गाव म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. पण १९७६ साली तिथे उत्खनन झाले आणि तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली, हे फार थोड्यांना माहीत असते.

रब्बी निघून गेलेली, रान नांगरलेले. पाहणीला हेच दिवस चांगले. नकाशा जवळ असतोच, पण गावात शिरल्यावर आम्ही आधी विचारतो, "जुनी पांढरी कुठंय, बाबा?" कसायची ती काळी, वसायची ती पांढरी, हे आपल्याकडे लहान पोरही सांगते. चुलीची राख, शेण, हाडे, पडलेल्या मातीच्या भिंती शतकानुशतके एकावर एक साचतात आणि काळ्या रानात राखाडी-पांढुरके टेकाड उभे राहते. इराक-सीरियात अशाच टेकाडाला 'तेल' म्हणतात.

एक आजोबा पुढे झाले. आम्ही पाच-पाच पावलांवर पांगून, माना खाली घालून चालू लागलो. तासाभराने नारिंगी-लाल खापर दिसले, वर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा. टिचकी मारली तर खणखणीत वाजले. जोर्वे! संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले, त्यावरून या भांड्यांना हे नाव पडले. जवळच गारेची नखाएवढी धारदार पाती पडली होती. तांबे दुर्मीळ, म्हणून अशी पाती लाकडाच्या खाचेत ओळीने बसवून विळा करत. या काळाला ताम्रपाषाण हे नाव त्यामुळेच.

तरी खापर दिसले म्हणजे वस्ती सापडली, असे नाही. पांढरीची माती खत म्हणून रानात टाकतात, धाब्यावर पसरतात; तिच्यासोबत खापरे कुठल्या कुठे जातात. म्हणून थर पाहावा लागतो. तो आजोबांनी दाखवला, पण जेसीबीने निम्म्या कापलेल्या टेकाडाच्या कडेला. राखेचा पट्टा, त्याखाली चोपून केलेली जमीन, पुन्हा राख. "ट्रॉल्या भरभरून नेली माती," ते म्हणाले. त्यांच्यावर राग धरता येईना. या टेकाडात काय आहे, ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

इनामगावच्या अशाच ताम्रपाषाण वस्तीत घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने निघाली. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत लेकरू. आईबापांनी मूल घरातच ठेवले होते. असे घर ट्रॉलीत गेले, तर ते पुन्हा कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळणार नाही.

उलट दायमाबाद या अशाच जुन्या वस्तीच्या जागी १९७४ मध्ये झुडपाचे मूळ खणताना एका माणसाला काशाचा बैलांचा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा सापडले. साठ किलोंहून अधिक वजनाचा तो ऐवज मोडीत न जाता टिकला, म्हणून आज अभ्यासता येतो.

जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा, असे १८७८ चा कायदा सांगतो. खापराला बाजारात किंमत नाही. तरीही तुमच्या गावच्या पांढरीला जेसीबी लागण्याआधी तिचे फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाला कळवा.